नाव मालकाचं, आरोळी आपली

आमचे घरमालक दर शनिवारी सकाळी चहाचं आधण ठेवताना एका दमात नऊ नावं म्हणून टाकायचे. ठेका पाढ्यांचा. शेवटच्या नावापर्यंत चेहरा लालबुंद व्हायचा. मग मोठा श्वास घेऊन म्हणायचे, "नाव मालक आणतो. ओरडतो आपण."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांच्या धर्मातली काहीतरी प्रार्थना असेल. मी आपली हात जोडून उभी राहिले. नंतर कळलं की ती एका फुटबॉल क्लबची नावं होती, आणि नऊ क्लब नव्हते, एकच होता.

ही दोन हजार पंधरा-सोळाच्या सुमाराची गोष्ट. टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या त्यांच्या बंगल्याच्या बेसमेंटमध्ये मी आणि माझा नवरा राहायचो. मी विमा कंपनीच्या ऑफिसात, नवरा आयटीत. घरमालक वर एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी व्हँकुव्हरला. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करून रिटायर झालेले. मूळचे लाटव्हियाचे. हा देश नकाशात नेमका कुठे असतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि नांदेड कुठे असतं हे त्यांना. त्यामुळे आमची सुरुवात अगदी बरोबरीची झाली.

ते मला 'डाउनस्टेअर्स', म्हणजे खालची, म्हणायचे. "डाउनस्टेअर्स, फर्नेसचा फिल्टर बदललाय." "डाउनस्टेअर्स, तुमचे विंटर टायर लावून झाले का?" आम्ही दोघं त्यांना आपसांत काका म्हणायचो, ते एकदा माझ्या तोंडून त्यांच्यासमोरच निघालं. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "वडिलांचा भाऊ." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण ड्राइव्हवे मीच शोव्हल करणार. त्यात नात्यागोत्याचा संबंध नाही."

असे हट्टी म्हातारे तुम्हीही पाहिले असतील. बर्फात पाय घसरला तर काय, असं म्हणायची सोय नाही. म्हटलं की फावडं आणखी जोरात चालणार.

तर तो क्लब. काकांच्या गावात, समुद्रापासून थोडं आत, बिटापासून साखर करणारा एक कारखाना होता. त्यांचे वडील तिथे बॉयलरवर कामाला, आणि रविवारी कारखान्याच्या टीममध्ये बचावाला. टीमचं नाव 'पांढरी साखर'. काकांनी ही टीम मैदानावर पाहिली ती एकदाच, सहा वर्षांचे असताना. सामना आठवत नव्हता. आठवत होते ते चिखलाने माखलेले वडिलांचे गुडघे, आणि सगळ्या गावावर पसरलेला उकडलेल्या बिटाचा वास. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हे कुटुंब बोटीत बसून निघालं ते फिरत फिरत कॅनडाला पोचलं.

क्लब मागेच राहिला आणि त्याचं नाव बदलत गेलं. रशियन कम्युनिस्टांचं नवं सरकार आलं, त्यांनी 'लाल बीट' केलं. "आता साखरेचं बीट असतं पांढरं," काका हात वर करून सांगायचे, "पण लाल म्हटलं की लाल! माझे वडील इथे टोरांटोत बसून हसून हसून रडले होते." मग कामगार संघटनेचं नाव आलं. मग सामूहिक शेतीचं. देश स्वतंत्र झाल्यावर एका बँकेने क्लब घेतला आणि बँकच बुडाली. मग लाकडाच्या व्यापाऱ्याने स्वतःचंच नाव देऊन टाकलं. मग फर्निचरवाला आला. मग मासळीवाला, त्याच्या काळात जर्सीवर हेरिंग मासा होता आणि समोरच्या टीमची पोरं नाक धरून मैदानात यायची.

मला यात नवल वाटलं नाही. मी काकांना सांगितलं, आमच्याकडेही साखर कारखाने असतात, आणि चेअरमन बदलला की कमानीवरचं नाव बदलतं. तेव्हापासून काका मला आपल्या बाजूची समजायला लागले. नवव्या मालकाचा धंदा लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांचा होता. त्या शेकोटीत जाळतात. "निदान ऊब तरी येईल," काका म्हणाले.

गंमत बघा. सत्तर वर्षं हा माणूस ज्या टीमसाठी जीव टाकत होता, तिचा खेळ त्याने सहाव्या वर्षानंतर पाहिलाच नव्हता. बातम्या यायच्या त्या लाटव्हियन हॉलमध्ये कुणी तिकडून आलं तर. पुढे इंटरनेटवर निकाल कळायला लागले. मी राहायला गेले त्या वर्षी माझ्या नवऱ्याने शोधून काढलं की कुणीतरी सामने लाइव्ह दाखवतं. त्याने लॅपटॉप काकांच्या टीव्हीला जोडून दिला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची शनिवारची सकाळ.

पडद्यावर हिरवळ दिसली. एकच कॅमेरा, तोही कुठल्यातरी छपरावर. काका उभे राहिले. मला वाटलं राष्ट्रगीत आहे म्हणून, तर तसं काही नव्हतं. ते टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि गोलपोस्टच्या मागे बोट ठेवून म्हणाले, "ही चिमणी. कारखान्याची चिमणी अजून आहे." पहिला अर्धा तास ते खेळ सोडून चिमणीच बघत होते.

मग मात्र शनिवार ठरून गेला. मी पोहे करून वर न्यायची, ते काळा पाव, जिऱ्यासारखे दाणे घातलेलं चीज आणि खारवलेला हेरिंग मांडून ठेवायचे. नवरा क्रिकेटवाला. तो पोह्यांपुरता यायचा. खेळ बेतास बात असायचा. प्रेक्षक इतके कमी की काका त्यांना ओळखायला लागले. कॅमेऱ्यासमोर समुद्रपक्षी येऊन बसला की "उठ मेल्या!" अशा अर्थाचं लाटव्हियन बोलायचे. ते मला आजही येतं. त्या भाषेतलं तेवढंच येतं.

आणि दोन हजार सतराच्या थंडीत भुशावाल्याने हात वर केले. क्लबला लीगमधून काढलं. दहावा मालक कुणी पुढे येईना. काका दोन शनिवार टीव्ही लावून बंद पडद्यासमोर बसले. मला ते बघवेना. तिसऱ्या शनिवारी मी वर गेले तर स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते.

"डाउनस्टेअर्स, ते क्लब स्वतःच काढतायत! गावातली माणसं. सगळ्यात खालच्या डिव्हिजनपासून. मालक नाही. मलाही मेंबर होता येतं, तू भर ना माझा अर्ज."

मी लगेच करून दिलं. मग म्हणाले, "आणि नाव ठरवायचंय. मतदान आहे. मला मत आहे."

हे सांगताना त्यांचा आवाज पडला. सत्तर वर्षं 'नाव मालक आणतो' म्हणणारा माणूस. आता मालकच नव्हता. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. वरच्या फेऱ्या आम्हाला खाली ऐकू यायच्या. जुन्या लोकांनी 'पांढरी साखर' परत आणायचं ठरवलं होतं. काकांच्याही मनात तेच होतं. वडील ज्या नावाने खेळले ते नाव स्टँडमधून एकदा तरी ऐकायचं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं ते मला दोनदा म्हणाले.

"मग देऊन टाका मत," मी म्हटलं. "अडलंय कुठे?"

"तेच तर कळत नाहीये," ते म्हणाले. "तुझं काय मत? तू साखरेच्या देशातली आहेस."

मी काय मत देणार? पण बोलता बोलता मी माझ्या घरचं सांगून बसले. आजोबांचं आडनाव गावाने दिलेलं होतं. ते उच्चारलं की आमची जात आणि आमच्यावर लादलेलं काम दोन्ही कळायचं. शाळेत हजेरी घेताना मास्तर त्या आडनावापाशी मुद्दाम थांबायचे. आजोबांनी दीक्षा घेतली आणि वडिलांनी आडनाव बदललं. नवं आम्ही निवडलं. आमच्या घरात जुन्या नावासाठी कधी कुणी हळहळलं नाही.

काकांनी विचारलं, "आजोबांना वाईट वाटलं?"

"आजोबांनी पेढे वाटले," मी म्हटलं.

खाली येऊन मी हे सांगितलं, तर नवरा माझ्यावर चिडला. "अगं, त्यांच्या वडिलांची आठवण आहे ती. आपलं वेगळं, त्यांचं वेगळं. म्हाताऱ्या माणसाला कशाला गोंधळात टाकलंस?"

मलाही ते लागलं. आमचं नाव म्हणजे शिवी होती, त्यांचं नाव म्हणजे वडिलांचे गुडघे. मतदानाच्या दिवशी सकाळीच पोहे घेऊन मी वर गेले आणि सांगून टाकलं, "काका, मी सांगितलं ते विसरा. तुम्ही पांढऱ्या साखरेलाच मत द्या."

ते इस्त्रीचा शर्ट आणि वर लोकरी जॅकेट घालून तयार होते. म्हणाले, "चहा घे. आणि मला शिकवू नकोस."

तिकडे शाळेच्या जिममध्ये सभा भरली होती. लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या आणि तिथल्या भिंतीवर आम्ही. एका म्हाताऱ्याने 'पांढरी साखर'साठी भाषण केलं, काका मान डोलवत होते. मग एक बाई उठल्या. काका मला हळूच सांगत गेले, "ही गोलकीपरची आई. म्हणतेय, आजवर कुठल्याही मालकाचं नाव आम्ही स्टँडमधून ओरडलेलं नाही. बँकेचं नाही, माशाचं नाही. आम्ही एकच ओरडतो, मूसेयिए. तेच नाव ठेवा."

"म्हणजे?"

"आपले. आपली माणसं."

सेक्रेटरीने आधी 'पांढरी साखर' पुकारलं. जिममध्ये हात वर झाले. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मी कोपराने ढोसलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मग दुसरं नाव पुकारलं, आणि काकांनी हात असा उंच केला की तिकडे भिंतीवरून त्यांचा चेहरा गेला आणि नुसती जॅकेटची बाही दिसायला लागली. सेक्रेटरी म्हणत होता, कॅनडा, हात खाली घेतलात तरी चालेल, मोजलंय. काका खाली घ्यायला तयार नव्हते.

दुसरं नाव निवडून आलं. मी लॅपटॉप मिटला. काका कप विसळायला सिंककडे गेले आणि पाठमोरेच उभे राहिले. नळ बराच वेळ चालू होता.

"पांढरी साखर मॅनेजरने ठेवलेलं नाव," ते पाठमोरेच म्हणाले. "माझ्या वडिलांना कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं."

मग तोंड पुसून वळले आणि पोहे संपवल्याबद्दल माझ्यावर ओरडले.

वसंतात ते पहिल्या सामन्याला गेले. देश स्वतंत्र झाल्यावरही कधी गेले नव्हते. तिथे मला कोण ओळखणार, म्हणायचे. गेल्यावर फोन आला तो विमानतळावरूनच. गावातली माणसं घ्यायला आली होती आणि सगळे त्यांना 'बाही' म्हणत होते. "कॅनडाची बाही आली, असं ओरडले गं!" काका सांगत होते आणि हसत होते. फोनवर इतकं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

महिन्याने परत येणार होते. लॉन कापायच्या, तण काढायच्या, पोस्ट आत ठेवायच्या सूचना देऊन गेले होते. महिना झाला. उन्हाळा झाला. मी फोनवर विचारलं, "काका, यायचं कधी?"

"येतो ना. पण इथे मला काम दिलंय."

ऐंशीच्या घरातल्या माणसाला कोण काम देणार? मी काळजीने विचारलं, कसलं काम. तर म्हणाले, "महत्त्वाचं आहे. तू बघच."

ते आलेच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीने घर विकलं, आम्ही कॉन्डो फ्लॅटमध्ये गेलो. सामान हलवायच्या आधी एका शनिवारी मी शेवटचं त्यांच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. टीव्ही सोडला तर घर रिकामं होतं, भिंतींवर उतरवलेल्या चित्रांचे फिकट चौकोन. मी पोहे नव्हते केले. एकटीसाठी हात चालेना.

'आपले' हरले, चांगलेच हरले. शिट्टी वाजली, खेळाडू आत गेले, प्रेक्षक फाटकाकडे निघाले. कॅमेरा बंद करायला कुणीतरी विसरलं होतं. रिमझिम पाऊस होता. मग मैदानाच्या कडेने एक म्हातारा आला, ओळखीच्या जॅकेटमध्ये. कोपऱ्यावरचा झेंडा त्याने दोन्ही हातांनी धरून उपसला, खांद्यावर टाकला आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाला. कमरेवर हात ठेवून मध्ये थांबला. मदतीला धावलेल्या एका खेळाडूला त्याने हाताने उडवून लावलं.

माझे डोळे भरून आले, आणि मी त्या रिकाम्या घरात मोठ्याने हसत होते. शेवटचा झेंडा काही केल्या निघेना. ते वाकले, हिसका दिला, पुन्हा हिसका दिला. निघाला. चारही झेंडे खांद्यावर घेऊन ते छपराखाली येऊन दिसेनासे झाले, आणि थोड्या वेळाने कुणीतरी कॅमेरा बंद केला.