पालथं फुलपात्र

शशी गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. मलाच ती सांगायची होती. तिचा मुलगा अभय नॉर्वेहून निघाला होता. मुंबईला उतरून, गाडी करून, दुपार टळल्यावर कोल्हापुरात पोचला. दवाखान्याच्या दारात मी उभी होते. माझ्या तोंडाकडं बघूनच त्याला कळलं असावं, कारण ‘आई कशी आहे’ असं त्यानं विचारलंच नाही. बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, “मावशी, आईनं पाणी घेतलं का?” मी म्हटलं, “घेतलं बाळा. एक चमचा. सकाळी, दिवस उगवल्यावर.” तो तिथंच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. येणारे-जाणारे बघत होते, त्यांना वाटलं असेल, एका चमचाभर पाण्याचं एवढं काय... त्या चमच्यामागं काय होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक. त्याला आता दीड महिना होत आला. अभय परत गेला. मी मात्र रोज संध्याकाळी तिथंच अडकते, म्हणून हे लिहायला घेतलं.

शशिकला मगदूम, म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मगदूम बाई. माहेर कुरुंदवाडचं, नदीकाठच्या जैन शेतकऱ्याचं घर. मी मुरगूडची, मराठ्याची, चित्रकलेची बाई. दोघी एकाच शाळेत लागलो आणि पुढं योगायोगानं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून राहिलो. आमची मैत्री म्हणजे भांडणाची मैत्री. रविवारी माझ्याकडं मटणाचा रस्सा उकळायला लागला की पलीकडून तिची खिडकी धाडकन बंद व्हायची, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ती म्हणायची, “काल आमच्या भिंतीला पण मसाला लागला बघा.” मी म्हणायची, “मग चाटलीस का न्हाय?” बाकीच्या बायका दचकायच्या. शशी मात्र हसत हसत वही तपासत राहायची. तिला माझा राग कधी आला नाही असं नाही, पण तो दुसऱ्या तासापर्यंत टिकायचा नाही.

तिचा नेम सगळ्या शाळेला माहीत होता. दिवस मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. लहानपणी बस्तीत, म्हणजे जैन देवळात, आईच्या शेजारी उभं राहून मुनिमहाराजांसमोर घेतलेला नेम, तो लग्नात मोडला नाही, बाळंतपणात मोडला नाही. संध्याकाळी ती लवकर जेवायची, स्टीलच्या फुलपात्रातून शेवटचं पाणी प्यायची, ते विसळायची आणि पश्चिमेच्या खिडकीत पालथं घालायची. फुलपात्र आईकडून आलेलं, काठाला एक पोचा होता. ते पालथं पडलं की तिचा दिवस मिटला. मग आम्ही दोघी रंकाळ्यावर फिरायला. मी भेळ खायची, ती बघत बसायची. “तोंडाला पाणी सुटत न्हाय काय गं तुझ्या?” मी एकदा विचारलं. “सुटतंय की,” ती म्हणाली, “पण ते गिळलेलं चालतंय.” असा तिचा धर्म होता. स्वतःपुरता, आणि त्यात दुसऱ्याला हसायला जागा ठेवलेली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझा वर्ग तिच्या वर्गाला लागूनच होता. एके दिवशी पलीकडून मुलींचा असा काही हशा उठला की माझ्या मुलींचे ब्रश थांबले. शशी त्या दिवशी ध्रुवाकडचे प्रदेश शिकवत होती. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच नाही, हिवाळ्यात उगवतच नाही, हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, मग तुम्ही तिथं गेला तर जेवणार कधी?” दुसरी कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणाली, “उन्हाळाभर खायचं आणि थंडीभर उपास!” दुसरी एखादी बाई असती तर दोघींना बाकावर उभं केलं असतं. शशी मधल्या सुट्टीत माझ्याकडं आली ती चेहरा उजळलेला घेऊनच. “इंदे, इतकी वर्षं शिकवतोय, मला कधी सुचलं न्हाय बघ हे. खरंच, काय करायचं तिथं?” (आमच्याकडच्या बायका बोलताना ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात, लिहायला बसलं की तेवढ्या ‘आले, गेले’ होतात.) मी म्हटलं, “जा आणि बघून ये.” चेष्टेनंच म्हटलं. पण तो प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. रंकाळ्यावर सूर्य पाण्याला टेकायला आला की ती मधूनच म्हणायची, “आत्ता तिकडं असता तर?”

मध्ये बरीच वर्षं गेली. आम्ही दोघी निवृत्त झालो. तिचे मालक, अभयचे वडील, गेले, अगदी अचानक, सकाळी दुकान उघडायला म्हणून निघाले ते... घर एकदम रिकामं झालं. अभय नॉर्वेत नोकरीला होता. तो आला, महिनाभर राहिला आणि जाताना म्हणाला, “आई, तुला काय बघायचंय सांग. काशी, शिखरजी, श्रवणबेळगोळ, कुठं पण.” शशी म्हणाली, “मला न मावळणारा सूर्य दाखव.” कुरुंदवाडची तिची भावजय बसली होती, ती कपाळाला हात लावून म्हणाली, “तीर्थाला जायच्या वयात ही बाई बर्फाला निघाली!” पण अभय खराच तिचा मुलगा. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं तिला नेलं. नॉर्वेच्याही वर, नकाशात जिथं आमच्या मुली पांढरा रंग तसाच सोडून द्यायच्या, तिथल्या बेटांच्या भोवती फिरणाऱ्या एका छोट्या जहाजावर.

मी काही तिथं गेले नाही, पण रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मी ते जहाज इतक्यांदा ऐकलंय की डोळे मिटले की दिसतं. आपल्या शाळेत एका वर्गात मुली असतात त्याहून थोडीच जास्त माणसं. जहाज लहान, म्हणून मोठ्या जहाजांना शिरता येत नाही अशा चिंचोळ्या खाड्यांत ते जायचं. किनारा आला की रबरी होडीत बसवून उतरवायचे. पुढं एक बंदूकवाला आणि मागं एक, अस्वलाची भीती म्हणून. झाड नाही, घर नाही, विजेची तार नाही. “तिथं एक विलो म्हणून झाड दाखवलं त्यांनी,” शशी सांगायची, “माझ्या करंगळीएवढं. मी शंभर वर्षांचं असंल म्हटलं तर वाट दाखवणारी पोरगी म्हणाली, असेलही. मी पाय उचलूनच चाललो मग.” समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाचा आवाज तिनं सांगितला तो मला कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकात सापडला नसता: “भडंगाचे चुरमुरे परतताना तडतडतात बघ, तसा. सगळा समुद्र तडतडतोय आणि माणूस एक बोलत न्हाय.” अस्वल तिनं लांबूनच बघितलं, पिवळट, जुन्या धोतरासारखं. आणि निळा बर्फ बघून तिला मालकांची आठवण आली, का ते तिला सांगता येईना. नुसती कठड्याला धरून रडली म्हणे. अभय शेजारी उभा राहिला.

आणि नेम? तो तिनं निघायच्या आधीच सोडवून ठेवला होता. घड्याळ कोल्हापूरचंच ठेवायचं. कोल्हापुरात दिवस मावळला की आपला मावळला. म्हणजे जहाजावर दुपारचा चहा यायचा तेव्हा हिचं फुलपात्र टेबलावर पालथं. हो, फुलपात्र बरोबर नेलं होतं! तिथल्या वाढप्याला वाटायचं की चुकून पालथं पडलंय. तो येऊन सरळ करायचा, ही परत पालथं घालायची. तो हसायचा, ही हसायची. रात्रीच्या जेवणाला सगळी माणसं जमायची, खिडक्यांतून लख्ख ऊन आत यायचं, आणि शशी हात मांडीवर ठेवून सगळ्यांची जेवणं बघत बसायची. ती आजारी आहे असं समजून जहाजाच्या डॉक्टरीण बाई चौकशीला आल्या. अभयनं समजावून सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे.

मग तो धुक्याचा दिवस आला. सगळे किनाऱ्यावर उतरलेले असताना धुकं असं उतरलं की समोरचं जहाज दिसेनासं झालं. होड्या थांबून राहिल्या. वारा सुटला. शशी सगळ्यात म्हातारी. जहाजावर परत आणली तेव्हा हातापायांना रंग नव्हता आणि दात नुसते वाजत होते. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, गरम काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, आत्ता. तिच्या घड्याळात कोल्हापूर कधीच अंधारलं होतं. तिनं मान हलवली. अभयनं हात जोडले, पाया पडला. तेवढ्यात बाहेरचं धुकं फाटलं आणि तिला खिडकीतून सूर्य दिसला. पाण्याच्या वर हातभर, मावळायचं नावच नाही. ती किती वेळ बघत राहिली हे तिलाही सांगता आलं नाही. मग अभयला म्हणाली, “पोरींना मी शिकवलं, प्रत्येक गावाची वेळ वेगळी. आणि स्वतः कोल्हापूर मनगटाला बांधून आलो.” तिनं घड्याळ सोडून त्याच्या हातात दिलं, पालथं फुलपात्र आपल्या हातानं सरळ केलं आणि गरम पाणी प्याली.

परत आल्यावर प्रवासाच्या गप्पा सगळ्यांशी झाल्या, पण हे तिनं फक्त मला सांगितलं. रंकाळ्यावर, खाली मान घालून. “मी प्यालो गं इंदे. मोडला काय माझा नेम?” तिच्या आवाजात असं काही होतं की मी हातातली भेळ खाली ठेवली. महाराजांना तिनं विचारलं नव्हतं. का, म्हटलं तर म्हणाली, “विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं की.” माझ्यासारख्या मटण खाणाऱ्या बाईला काय कळणार नेमातलं? पण ती माझ्याकडं बघत होती, आणि मला तिची तगमग बघवेना. मी माझ्या नेहमीच्या ठसक्यात म्हटलं, “डोळ्यासमोर सूर्य होता न्हवं? मग कसला मोडला? जिथं माणूस, तिथला सूर्य!” तिनं ते मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं. मग हसली. त्या संध्याकाळी तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

या वैशाखात तिचं पोटाचं दुखणं एकाएकी बळावलं. दवाखान्यातली खोली अशी की खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. सकाळ काय, संध्याकाळ काय, ट्यूबलाईटचाच उजेड. हाताला सलाईन होतं, पण तोंड सारखं कोरडं पडायचं. डॉक्टर म्हणाले होते, मागतील तेव्हा चमच्यानं पाणी द्या, आता कशाला अडवू नका. त्या ‘आता’चा अर्थ मला कळला होता. फुलपात्र तिनं घरून मागवून घेतलं होतं. दुपारभर ती मधूनमधून डोळे उघडायची आणि विचारायची, “दिवस हाय काय गं?” मी म्हणायची, “हाय.” मग दोन चमचे पाणी. अभय विमानात होता. तिला पाणी जात राहिलं तर ती त्याच्यापर्यंत टिकेल, असं माझ्या वेड्या मनानं धरलं होतं.

संध्याकाळी तिनं परत विचारलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन आले होते. रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्या खोलीत तिला काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण आख्खं आयुष्य मी तिच्याशी भांडले, खोटं कधी बोलले नाही, आणि हे तिला माहीत होतं, म्हणून तर ती नर्सला न विचारता मला विचारत होती. ओठ पांढरे पडले होते. मी फुलपात्र हातात घेतलं, तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “हितं मावळला, शशी. पण तुझ्या जहाजावर हाय की. लख्ख ऊन पडलंय तिकडं. तिकडचा धर आणि पी.”

तिनं डोळे उघडले. हसली, अगदी स्टाफरूममधल्यासारखी. “मी कोल्हापुरात हाय न्हवं,” ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. “तूच म्हणालीस की... जिथं माणूस...” पुढचं तिला बोलवलं नाही. बोटानं तिनं फुलपात्राकडं खूण केली. मला समजलं, पण मी समजून घेईना. तिनं परत खूण केली. तेव्हा मी उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, फुलपात्र विसळलं आणि माझ्याच हातानं तिच्या उशाशी पालथं घातलं.

रात्रीचं मी काही लिहीत नाही. झुंजूमुंजू झालं तशी मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. आभाळ भरलेलं, सूर्य दिसायची सोय नाही, पण उजेड झाला होता. धावत खाली आले. “उगवला, शशी,” म्हटलं. तिनं तोंड उघडलं. पहिला चमचा गिळला. दुसरा ओठांच्या कडेनं उशीवर उतरला... मी पदरानं पुसला आणि तिसरा भरून घेतला, तो माझ्या हातातच राहिला.

मला तिचा राग येतो. खोटं कशाला सांगू? दीड महिना झाला तरी येतो. एक रात्र तिनं तिकडचा सूर्य धरला असता तर काय बिघडलं असतं? अभयला आई भेटली असती. असं मनात येतं, आणि लगेच कळतं, तिकडचा सूर्य धरून राहिली असती तर ती शशी कसली! माझ्याच शब्दाला ती माझ्यापेक्षा खरी राहिली.

अभयनं जाताना फुलपात्र मला दिलं. माझ्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी नाही, म्हणून ते ओट्याच्या कडेला असतं. सकाळी उजेड पडला की मी ते विसळून पाण्यानं भरून ठेवते. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागतात, मी त्याच्यासमोर उभी राहते, हात पुढं करते... पालथं घालणं मला जमत नाही. रात्रभर ते तिथं भरलेलंच राहतं.