काशीच्या चढाईचा वाद

शेलार गावच्या नाक्यावर चहाच्या टपरीसमोर एक लांब बाकडं आहे. त्याच्या एका टोकाला लडकू बसायचा, दुसऱ्या टोकाला तुळशीराम, आणि मधली जागा बाकीच्यांची. गावच्या कबड्डी संघाचा सामना झाला की दुसऱ्या सकाळी हे बाकडं भरायचंच. सामना नसला तरी भरायचं, कारण झालेले सामने होते, व्हायचे सामने होते, आणि वाद घालायला हे दोघं होते.

गंमत अशी की दोघांपैकी एकानेही कधी संघातून चढाई केली नव्हती की पकड केली नव्हती. लडकू पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेला लूम पुन्हा चालू करायचा, हे त्याचं काम. उभी हयात त्या खडखडाटात गेल्यामुळे निवृत्त झाल्यावरही तो शेजारच्याशी समोरच्या गल्लीत ऐकू जाईल असंच बोलायचा. तुळशीरामची भातशेती होती. त्या शेतावर आता गोदामं उभी होती, आणि त्याच्याकडे वेळच वेळ होता. त्याचा आवाज मात्र हळू. लडकूचं बोलणं संपेपर्यंत तो बशीतला चहा फुंकत राहायचा आणि मग एवढंच म्हणायचा, "न्हाय. तसं न्हाय ते."

दोघांचा खरा वाद एकाच सामन्याचा. वज्रेश्वरीच्या मैदानावरची ती अंतिम लढत. दोघंही तेव्हा ऐन तरुण होते. शेलार एका गुणाने पुढे, वेळ जवळजवळ संपलेली, आणि चढाईला गेला काशिनाथ, म्हणजे गावाचा काशी. निदान रेषेला, म्हणजे चढाईत गाठावीच लागते त्या रेषेला, पाय लावून तो परत आला असता तर झालं होतं. पण तो कोपऱ्यात घुसला आणि पकडला गेला. बरोबरी झाली. मग समोरच्यांचा गडी आला, आपल्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला स्पर्श करून निसटला, आणि शेलार हरलं.

"काशीनं लोभ केला," असं तुळशीरामचं म्हणणं.

"लोभ न्हाय, हिंमत!" लडकू ओरडायचा. "भिऊन परत येणारा चढाईला जातोच कशाला? हरवलं ते कोपऱ्यानं. घाई करून पायावर झेपावला!"

काशी पुढे वसईला राहायला गेला, तिथेच वारला. पण शेलारच्या बाकड्यावर तो आठवड्यातून एकदा तरी चढाईला जायचाच.

गेल्या दिवाळीनंतर तुळशीरामला झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. सगळं कळायचं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून शब्द एकच निघायचा, "न्हाय." चहा हवा तरी न्हाय, नको तरी न्हाय. त्याची बायको गोदूबाई हळूहळू शिकली, की लांबवलेला 'न्हाय' म्हणजे हो, आणि तुटका म्हणजे नको.

लडकू पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा ओटीवर टाकलेल्या खाटेजवळ टेकला. डॉक्टर, औषधं, मालिश, सगळं विचारून झालं. आता काय बोलायचं? शेवटी त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तरी पण तुळशा, काशीची चढाई बरोबरच होती."

"न्हाय!" तुळशीराम म्हणाला.

हा 'न्हाय' लांबही नव्हता आणि तुटकाही नव्हता. हा बाकड्यावरचा होता. आत भाकऱ्या थापणाऱ्या गोदूबाईचे हात थांबले. लडकूही चकित झाला, आणि मग त्याने जोरजोरात आपली बाजू मांडायला सुरुवात केली.

तेव्हापासून तो रोज जाऊ लागला. पण वाद दोन्ही बाजूंनी चालवायचा तर तुळशीरामचे मुद्दे कोण बोलणार? ते लडकूच बोलू लागला. "आता तू म्हणशील, एक गुण पुढं असताना कोपऱ्यात जायचं काय कारण? तू म्हणशील, पकडीवर सामने जिंकतात." तुळशीराम मान हलवायचा. ते मुद्दे इतकी वर्षं लडकूने ऐकले होते, पण ऐकताना त्याच्या डोक्यात आपलं पुढचं उत्तर तयार होत असायचं. आता स्वतःच्या तोंडाने बोलताना ते त्याला पहिल्यांदाच नीट ऐकू आले. त्यात दम होता, हे त्याच्या लक्षात आलं, आणि जरा रुखरुखही वाटली.

माघात तालुक्याच्या स्पर्धा लागल्या. शेलार उपांत्य फेरीत पोहोचलं. समोर खाडीपलीकडचा संघ. बाकड्यावर हितेशसारखी तरुण पोरं सागरचं कौतुक करत होती. सागर हा गावाचा आताचा चढाईपटू.

"काका, सागर असल्यावर टेन्शनच नाय," हितेश म्हणाला. "एकटा काढेल मॅच."

"एकटा कोण मॅच काढत न्हाय," लडकू म्हणाला. "मागं साखळी धरून उभे राहतात ना, त्यांच्यावर बघा जरा. विपुल डाव्या कोपऱ्यात टिकला तर जिंकू."

सगळे त्याच्याकडे वळले.

"लडकूकाका, पार्टी बदलली काय तुम्ही?"

लडकूने चहाचा घोट घेतला. बाकड्याचं दुसरं टोक रिकामं होतं. तिथे अजून कोणी बसत नव्हतं. "त्याची बाजू कोणीतरी मांडायला नको?" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळला.

सामन्याला तो गेला तो तुळशीरामला सांगता यावं म्हणूनच. आयुष्यभर त्याची नजर चढाई करणाऱ्यामागे धावली होती. त्या दिवशी तो ठरवून विपुलकडे, त्याच्या हाताला धरून सरकणाऱ्या शेजाऱ्याकडे बघत होता. शेलार शेवटपर्यंत एका गुणाने पुढे होतं. शेवटी सागर चढाईला गेला आणि पकडला गेला. त्यानंतरच्या चढाईत विपुलही बाद झाला. शेलार हरलं. पोरं मैदानावरच बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी लडकू तुळशीरामच्या ओटीवर गेला तेव्हा त्याचं मन भरून आलं होतं. कोण गडी कुठे उभा होता इथपासून त्याने सगळं सांगितलं. मग खाटेच्या काठावर हात ठेवून, कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "तुळशा, तुझंच बरोबर होतं. सागरनंही लोभ केला, काशीनंही केला होता. मी उगाच भांडत आलो. जिंकलास तू."

तुळशीरामने त्याच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने चादर ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. लडकूने दोनदा हाक मारली, पण त्याने मान वळवली नाही.

लडकू उठला तशी गोदूबाई त्याच्या मागोमाग अंगणात आली.

"काय झालं, वहिनी? मी तर त्याच्याच मनासारखं बोललो."

"तेच तर झालं, लडकूभाऊ." ती पदराला हात पुसत म्हणाली. "घरात येतो तो माणूस त्यांच्या मनासारखंच बोलतो. आमचा पोरगा मनोज बोलतो, सूनबाई बोलते, डॉक्टरसुद्धा. तुम्ही एकटे भांडत होता. आज तुम्ही पण त्यांना आजारी केलंत."

लडकू घरी गेला, जेवला, आडवा झाला, पण डोळा लागेना. दुपार टळल्यावर तो तुळशीरामच्या जुन्या शेताच्या बाजूने चालत निघाला. गोदामांच्या पत्र्यांआड कंटेनर मागे-पुढे होत होते. सामना त्याने पुन्हा डोळ्यांपुढे आणला. आणि त्याला आठवलं की सागरने लोभ केलाच नव्हता. निदान रेषेला पाय लावून तो वळला होता. मध्यरक्षकांनी वाट बंद केली म्हणून त्याला कोपऱ्याकडे जावं लागलं. हे लडकूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी मित्राला खोटं सांगितलं होतं. का? तर बिचाऱ्याला बरं वाटावं म्हणून. 'बिचारा' हा शब्द मनात आला तसा तो रस्त्यातच थांबला. तुळशीरामला हा शब्द त्याने कधी लावला नव्हता.

सकाळी तो पुन्हा गेला. गोदूबाई सुपात शेंगदाणे निवडत होती. तुळशीराम उशीला टेकून बसला होता. त्याने लडकूकडे बघितलंही नाही.

"कालचं बोलणं मी मागं घेतो," लडकू आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. शेजारच्या घरातली कोंबडी दचकून पळाली. "सागर परत येत होता. वाट अडवली त्याची. कोपऱ्यात जाण्यावाचून इलाज नव्हता. लोभ-बिभ काय न्हाय! आणि काशीचंही कदाचित तसंच झालं असेल. तू काय त्याच्या पायाखाली बसला होतास?"

"न्हाय!" तुळशीराम खेकसला. त्याने डावा हात लांब करून सुपातले मूठभर दाणे घेतले आणि चादरीवर मांडू लागला. दाण्यांची कमान झाली. सागर म्हणून त्याने औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवलं आणि ते दुसऱ्या बाजूने, मोकळ्या जागेतून, मागे ओढत आणलं. आणि लडकूकडे पाहिलं. ही वाट होती की!

लडकूने दाणे मोजले. सहाच होते, सात हवे होते. उजवा कोपरा मांडायचा राहिला होता, आणि म्हणूनच ती वाट मोकळी दिसत होती. पूर्वी तुळशीराम झोपेत विचारलं तरी दोन्हीकडचे सगळे गडी जागेवर उभे करायचा. बोलावं का? गोदूबाई सूप मांडीवर धरून बघत होती.

त्याने सुपातला एक दाणा उचलला आणि त्या मोकळ्या जागेत ठेवला. "यांचा उजवा कोपरा कुठं गेला, तुळशा? घरी जेवायला?"

तुळशीराम त्या दाण्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग ओठाची एक बाजू वर गेली. झटका आल्यापासून तो हसला नव्हता. त्याने बोटाने तो दाणा चांगला वीतभर मागे सरकवला. सामना न बघताही त्याचं म्हणणं ठाम होतं: गडी होता, पण मागे होता.

आता लडकू गोंधळला. होता का तो मागे? त्याला आठवेना. त्याने तिथूनच हितेशला फोन लावला, कारण पोराने सामना मोबाईलवर घेतला होता. हितेश धावत आला. त्याच्यामागून बाकड्यावरचे आणखी दोघं आले. सगळ्यांनी खाटेभोवती डोकी जमवून ती चढाई पाहिली. ऐन वेळी पुढे बसलेल्या कुणाची तरी टोपी आडवी आली होती, आणि उजवा कोपरा नेमका तिच्यामागे गेला होता.

"मागेच असणार," हितेश म्हणाला.

"पुढं होता!" लडकू गरजला.

"पुढेच होता, मी समोर बसलेलो," दुसरा म्हणाला, आणि तिघं एकदम बोलू लागले. तुळशीरामने हितेशच्या हातातला मोबाईल आपल्याकडे ओढला आणि ती चढाई पुन्हा लावायची खूण केली.

गोदूबाईने दाण्यांचं सूप बाजूला ठेवलं, माणसं मोजली आणि चहाचं आधण चढवायला आत गेली.