ज्याचा माग, त्याचा तागा

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा कामगार चळवळीची पत्रकं जास्त. "ज्याचं काम, त्याचं मत" हे वाक्य मला पाढ्यांआधी पाठ होतं. म्हणूनच इतवाऱ्याच्या बाजारात शेजारच्या मावशीने मला भर रस्त्यात धरलं, तेव्हा जास्त लागलं.

"काय गं, मला मारून टाकलं का तुम्ही? मतदारयादीत नावच नाही माझं."

तुम्ही म्हणजे विणकर सोसायटी, आणि तिची निवडणूक तोंडावर आलेली. तिथे संगणकावर मी बसते.

यादीची क्वेरी, म्हणजे संगणकाकडून यादी काढून घेणारी आज्ञा, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली. सभासदांच्या माहितीच्या टेबलाला त्याने एक फंक्शन जोडलेलं. सभासद क्रमांक दिला की ते त्या सभासदाने नुकतेच जमा केलेले कापडाचे तागे ओळीओळीने परत देतं. जोडणी 'क्रॉस अप्लाय'ची. म्हणजे फंक्शन रिकामं परतलं की सभासदाचीही ओळ गळते. मावशीचा माग बिघडलेला, म्हणून ती शेजाऱ्याच्या मागावर विणत होती. आणि आमच्याकडे तागा ज्याचा माग त्याच्याच नावावर चढतो. विणलं कोणी, हे विचारायची रीतच नाही.

मी सचिवांना सांगितलं.

"एरर आली का?"

"नाही."

"मग बरोबर आहे ना. कायको लफडा?"

"सर, ही क्वेरी एरर देतच नाही. गुपचूप माणसं गाळते."

"तू पत्रक वाचू नको. काम बोल."

मी 'क्रॉस'च्या जागी 'आउटर' लिहिलं. गळलेले सगळे परत आले, तागे नसतील तिथे रिकामा रकाना घेऊन. सचिवांनी चष्मा वर केला. "हे रिकामे कशाला? छापल्यावर खराब दिसतं. उडव."

माझं डोकं फिरलं. मत द्यायला सभासद असणं पुरतं, हा सोसायटीचाच नियम. मग मतदारयादीत ताग्यांचं फंक्शन हवंच कशाला? विचारलं, तर म्हणाले, "पहिल्यापासून आहे." मी जोडणीच काढून टाकली. नुसतं सभासदांचं टेबल छापलं आणि त्यांच्यासमोर सहीला ठेवलं. कुरकुरत केली त्यांनी.

संध्याकाळी नवी यादी लागली. मावशीने बोट फिरवत आपलं नाव शोधलं, त्यावर बोट तसंच ठेवून मला विचारलं, "आणि मी विणलेलं कुठंय?"

"ते शेजाऱ्याच्या नावावर. ते माझ्या हातात नाही, मावशी."

"मग कोणाच्या हातात आहे?"

"सभेच्या."

"बरं," ती म्हणाली. "मत मागायला येतीलच ना दारात. तेव्हा बघते."