दोन्ही खांद्यांवरचा पदर

माझा डावा स्तन उजव्यापेक्षा बराच लहान. तेवढ्यासाठी मी भर उन्हाळ्यातही दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, अंग चोरून शाळेत शिकवायची. भिंगारच्या बाया आपल्या मुलींना सांगायच्या, "बघ, बाई कशा मर्यादेनं राहतात!" स्थळ सांगून आलं, की मला एकदम पुढचं शिक्षण आठवायचं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी शेवटी नगरला सर्जनकडे गेले. ते म्हणाले, "मोठा लहान करता येईल. व्रण राहतील, पुढे बाळाला दूध कमी पडू शकतं. नाहीतर मुंबईला लहान बाजूत सिलिकॉनची पिशवी बसवतात. किंवा काहीच करू नका. विचार करून सांगा."

विचार करायला बाहेर बाकावर बसले. शेजारी जामखेडकडची ऊसतोडीची बाई होती, बोटाला कोयता लागलेला. मांडीवरच्या तान्ह्याला पाजता पाजता तिने या अंगावरून त्या अंगावर घेतलं, पदर कुठे गेला तेही पाहिलं नाही. काय झालं कोण जाणे, आईलाही न सांगितलेलं मी तिला सांगून टाकलं.

तिने मला नीट न्याहाळलं.

"व्हय? मला वाटलं, तुमी पोकासाठी आलाय."

"कसला पोक?"

"डावा खांदा लई पुढं आलाय की तुमचा. मगापासनं बघतीया."

ऑपरेशनचं नंतर सावकाश ठरवलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की भिंगार ज्याला मर्यादा म्हणत होतं, त्याला जामखेडकडे पोक म्हणतात.