आधी दिसेल त्याने पुकारायचं

आमचे हे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. नोकरी झाशीची, निवृत्तीही झाशीतच. आवाज अजून इंजिनातलाच, पण गेल्या हिवाळ्यापासून विसरायला लागले. चष्मा फ्रिजमध्ये सापडे, गॅस तसाच चालू राही. एक दिवस तर फेरफटक्याहून परतताना लक्ष्मी गेटाशी आपली गल्लीच आठवेना. भाजीवाले भैया हाताला धरून घरी घेऊन आले.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, बाबांना एकटं सोडू नकोस. फाटकाला कुलूप लाव." माझं डोकंच फिरलं. उभा जन्म गाड्या पळवलेल्या माणसाला मी कोंडून ठेवू?

डॉक्टर म्हणाले, "माताजी, ये ठीक तो नहीं होगा, पर इसकी रफ्तार धीमी हो सकती है. इन्हें चलाइए, इनसे बातें कीजिए, काम सौंपिए." रफ्तार धीमी करायची? अहो, हे तर यांचंच खातं!

इंजिनात एक रीत असते. सिग्नल आधी दिसेल त्याने मोठ्याने पुकारायचा, दुसऱ्याने स्वतः बघून तोच परत पुकारायचा. मी यांची सहायक झाले. "गॅस बंद!" मी ओरडायची. हे उठून बघायचे, मग "बंद!" लक्ष्मी ताल या तळ्याच्या वाटेवरही तेच. "पिंपळ उजवीकडे!" "उजवीकडे!" लोक वळून बघायचे. बघेनात का! इतकी मजा मला लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती. खटकायचं एकच, आधी पुकारायची ती दरवेळी मीच.

परवा मुलाला न विचारता यांना फेरफटक्याला एकटं सोडलं, येताना कोथिंबीर आणायला सांगितली. दूध तापत ठेवलं आणि राहवेना म्हणून फाटकाशी जाऊन उभी राहिले. परतायची नेहमीची वेळ टळून गेली. मुलाला आता कोणत्या तोंडाने सांगू?

तेवढ्यात वळणावर यांची टोपी दिसली. हातात कोथिंबिरीची जुडी! मी नाचायचीच बाकी होते.

हे फाटकाशी थांबले, नाक वर करून वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे गरजले, "गॅस चालू!"

यांनी आधी पुकारलं होतं. मी वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं, धूर निघत होता. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि जिवाच्या आकांताने परत पुकारलं, "चालू!"

"अगं, नुसती ओरडतेस काय," हे म्हणाले, "जा, बंद कर!"