कंपनीकडे गेलेला आवाज

तलासरीत मोबाइल दुरुस्त करणारा एक जण आहे. बोलताना तो समोरच्याकडे न बघता हातातल्या स्क्रूकडे बघतो. गिऱ्हाइकांचे फोटो तो दुकानातल्या स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरवर साठवतो, आणि वीज गेली की आधी त्यालाच हात लावून बघतो. मी त्याला हसायचो.

माझी बायको वारली आणि थोड्याच दिवसांत इंटरनेटवर फोटो साठवणाऱ्या कंपनीने माझं खातं बंद केलं. फोन भरला म्हणून तिचे फोटो, तिचा आवाज, सगळं मी त्या खात्यातच ठेवलं होतं. मी चारोटीहून तडक त्याच्याकडे गेलो आणि काउंटरवर हात आपटला. "काय लागेल ते घे, पण खातं उघड!"

"माझ्यावर ओरडून काय, शेठ? तिकडे कंपनीत ओरडा ऐकून घ्यायला माणूसच नाही."

मग त्याने माझा फोन चाळला. त्यात तिच्या आवाजातला एकच निरोप उरला होता. त्याने पंखा बंद केला आणि निरोप लावला.

"येताना मीठ आणा. विसराल नाहीतर."

त्याने तो लगेच आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला.

"अजून थोडं काढ की," भाव करावा तसं मी म्हणालो.

"एवढंच आहे, शेठ."