अडचणींचा रकाना

अक्षर चांगलं असणं हा गुण नव्हे, गळ्यात पडलेला धोंडा असतो, हे अक्षरबाईंना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. शाळेचे सगळे तक्ते आपसूक त्यांच्या टेबलावर येऊन पडले. दिवसभर शिकवायचं आणि मग वरच्या कचेरीसाठी माहिती भरत बसायचं. मुताऱ्या किती, दारं किती, दारांना कड्या किती. आधीच्या बाईंनी जाताना एकच मंत्र दिला होता: रकाना कोरा दिसला की तक्ता परत येतो, म्हणून काही सुचलं नाही तर 'निरंक' लिहून मोकळं व्हायचं.

शेवटच्या पानावर रकाना असे, 'शिक्षकांच्या अडचणी'. अक्षरबाई तिथे दरवर्षी सुबक 'निरंक' लिहीत. स्वतः चौदा वर्षं कंत्राटावर, पगार कायम शिक्षकाच्या चौथाई, ताप आला तरी दिवस कापला जाई. बाळंतपणानंतर बाविसाव्या दिवशी त्या फळ्यासमोर उभ्या होत्या. त्या वर्षीही निरंकच.

यंदा देशाची नवी शिक्षण योजना आली. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर शिक्षक म्हणजे राष्ट्राचा कणा वगैरे नेहमीचं गुऱ्हाळ. कण्याने खायचं काय, ते कुठल्याच पानावर नव्हतं. पण आत एक कलम खरंच कामाचं निघालं. ज्या शाळांनी कंत्राटी शिक्षकांच्या अडचणी कळवल्या होत्या, तिथल्या जागा कायम होणार होत्या. वयाची अट चाळीस, बाई एकोणचाळीसच्या. सासूबाईंनी तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

कचेरीतल्या कारकुनाने यादी दोनदा पाहिली. शाळा यादीत नव्हती. बाईंचा आवाज चढला, तसा त्याने शांतपणे जुना गठ्ठा सोडला आणि एकेका वर्षाचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं.

"तुमच्या शाळेत कुणाला काही अडचणच नाही, मॅडम. अक्षर मात्र झकास आहे हं."

बाईंना शिसारी आली. त्या योजनेची, त्या कारकुनाच्या हसण्याची, आणि सगळ्यात जास्त आपल्याच बोटांची.

नवरा म्हणाला, मुख्याध्यापकांनीच दाबून लिहायला लावलं असणार. बाईंनी ते लगेच मानलं, कारण शिव्या घालायला कुणीतरी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी यंदाचा तक्ता घेऊन त्या बसल्या. रकान्यात मावेना म्हणून पाठपोट दोन कागद जोडले: पगार, कापलेले दिवस, बावीस दिवसांचं बाळंतपण, काही म्हणजे काही सोडलं नाही. मग पदर खोचून त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. भांडणाची चार वाक्यं घोकून ठेवली होती.

सर फोनवर होते. फोन कानाला लावूनच त्यांनी पानं उलटली, जागा दिसेल तिथे सही ठोकली, शिक्का मारला आणि तक्ता परत सरकवला.

बाई म्हणाल्या, "सर, शेवटचं पान वाचलंत का?"

"तुम्ही भरलंय ना, बाई? मग मी आजवर कधी वाचलंय?"

बाईंनी तक्ता उचलला. चौदा वर्षं 'निरंक' लिहायला कुणीही त्यांचा हात दाबून धरला नव्हता.

तक्ता वर गेला. तो आता पुढच्या योजनेत धरतील, पाच वर्षांनी. तेव्हा बाई चव्वेचाळीसच्या असतील, आणि त्यांची जागा कायम झालीच तर तिच्यावर दुसरंच कुणीतरी येईल.